मक्याच्या मुलखातले उपद्व्यापी

२७ जून १९३१, शनिवार. आयोवा राज्यातल्या स्पेन्सर गावात उकाडा मी म्हणत होता. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, चार जुलै, आठवड्यावर आलेला. भर पेठेतल्या एका औषधांच्या दुकानात फटाके विक्रीला मांडून ठेवले होते. एका पोराच्या हातातली पेटती फुलबाजी सुटली आणि नेमकी त्या मांडणीत जाऊन पडली. पुढचं सांगायला नको. पेठेतल्या दोन डझनांच्या आसपास इमारती त्या आगीत गेल्या.

गावाने पेठ नव्याने उभी केली, ती त्या काळात नव्याच असलेल्या आर्ट डेको घाटाची. आज तीच स्पेन्सरची ओळख आहे. राज्याने मात्र चांगलाच धसका घेतला. ते दशक सरता सरता आयोवात फटाके विकायला बंदी झाली आणि ती उठली थेट २०१७ साली. एका पोराचा हात सुटला आणि त्याच्या नातवंडांची पिढी मोठी होईपर्यंत राज्यभर फटाके बेकायदा. अर्थात म्हणून वाजायचे थांबले असं कोणी समजू नये. दक्षिणेला मिसुरीची हद्द आहे आणि तिथे असली बंदी नव्हती. आयोवातल्या कित्येक सभ्य बापांनी आयुष्यात एकमेव तस्करी केली असेल तर ती पोरांसाठी मिसुरीहून आणलेल्या फटाक्यांची.

अमेरिकेच्या मध्यभागातल्या शेतकी गावांमधलं बालपण कसं होतं हे शोधायला निघालं की अशीच वाट सापडते. आठवणी गोडच असतात, त्यांच्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. त्यापेक्षा मोठ्यांनी केलेले नियम, काढलेल्या मिरवणुका, बदललेल्या तारखा तपासाव्यात. प्रत्येकाच्या मागे कुणा ना कुणा पोराचा उपद्व्याप दडलेला असतो.

आधी मुलूख समजून घेऊ. मिडवेस्ट म्हणजे पूर्वेला ओहायोपासून पश्चिमेला नेब्रास्का, कॅन्सास, दोन्ही डाकोटांपर्यंतची बारा राज्यं. यातली बहुतेक जमीन १७८५ च्या मोजणी कायद्याच्या पट्टीने आखली गेली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप; तिचे छत्तीस चौकोन; प्रत्येक चौकोन एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा. त्यातला सोळा नंबरचा शाळेच्या खर्चासाठी राखीव. पुढे १८६२ च्या होमस्टेड कायद्याने चौकोनाचा चौथा हिस्सा, १६० एकर, कसणाऱ्याला मिळू लागला. माणसं गावठाणात न राहता ज्याच्या त्याच्या शेतावर राहू लागली. म्हणजे शेजारचा मित्र अर्ध्या मैलावर. रस्ते सरळसोट, जमीन सपाट. लपायला जागा म्हणाल तर जुलैपासून काढणीपर्यंत उभा असलेला मका, नाहीतर कोठार.

आणि गाव? पाचशे ते हजार वस्तीचं. रुळांच्या कडेला धान्याची उंच कोठी, तिला सगळे एलिव्हेटर म्हणतात. पाण्याची टाकी, तिच्यावर गावाचं नाव. दोन-तीन चर्चेस, एक शाळा, पशुखाद्याचं दुकान, एक खाणावळ. अशा ठिकाणी खोडी काढणाऱ्याचं नाव ठाऊक असायची गरज नसते, कोणाचा पोरगा एवढं कळलं की पुरे. बातमी पोराच्या आधी घरी पोचायची आणि त्याला कारण होता टेलिफोन. शेतावरच्या आठ-दहा घरांची मिळून एकच तार असायची, त्याला पार्टी लाइन म्हणत. दोन लांब आणि एक आखूड घंटी वाजली की फोन अमक्याचा, तीन आखूड वाजल्या की तमक्याचा. पण रिसीव्हर कोणीही उचलावा आणि ऐकावं. आयाबाया ऐकत, म्हणून पोरंही ऐकत. श्वास रोखून, तोंडावर हात दाबून दुसऱ्यांची बोलणी ऐकणं ही तिथल्या मुलींची खास करामत असे, कारण रात्री-अपरात्री बाहेर भटकायची मोकळीक त्यांना भावांइतकी नव्हती.

खोड्यांचा खरा सण म्हणजे ३१ ऑक्टोबर, हॅलोविन. आता आपल्याकडच्या शहरी सोसायट्यांमध्येही भोपळे कोरतात आणि चॉकलेटं वाटतात, त्यामुळे तो गोडुल्या पोरांचा सण वाटतो. दुसऱ्या महायुद्धाआधी मिडवेस्टच्या गावांत त्याचा अर्थ एवढाच होता की त्या रात्री पोरं मोकाट सुटणार.

त्या रात्रीची हत्यारं सगळी शेतातली आणि घरातली. वाळक्या कणसाचे दाणे सोलून खिसे भरायचे आणि अंधारातून खिडकीवर मूठ भिरकवायची. आत बसलेल्याला वाटावं गारा पडताहेत. कुंपणाची फाटकं बिजागरीतून उचलून भलत्याच्याच शेतात नेऊन टेकवायची. सगळ्यांत सुबक वस्तू म्हणजे टिकटॅक. आईच्या शिवणाच्या डब्यातलं रिकामं लाकडी रीळ घ्यायचं. त्याच्या दोन्ही कडांना चाकूने गोल खाचा पाडायच्या, दाते पाडल्यासारख्या. मधल्या भागावर सुतळी गच्च गुंडाळायची आणि भोकातून एक लांब खिळा आरपार घालायचा. मग दबकत खिडकीशी जायचं, खिळा दोन बोटांत धरून रिळाची कड काचेला टेकवायची आणि सुतळी एका झटक्यात ओढायची. रीळ गरगरतं, खाचा काचेवर तडतडतात आणि घरातल्यांना वाटतं अख्खं तावदान फुटलं. ते दिवा घेऊन येईपर्यंत पोरं मक्यात पसार. काचेला मात्र ओरखडाही नाही.

हे ‘ओरखडाही नाही’ महत्त्वाचं. या उपद्व्यापांना कायदा होता. दुकानांच्या काचांवर साबणाने रेघोट्या ओढायच्या तर ते चालून जाई, सकाळी बादलीभर पाण्यात काम भागतं. साबणाऐवजी मेण वापरलं की तो दुष्टपणा, कारण मेण पाण्याने निघत नाही, खरवडत बसावं लागतं. कोणाच्या काचेवर साबण आणि कोणाच्या काचेवर मेण, यावरून गावातल्या कुठल्या दुकानदाराची वजनं खोटी होती तेही कळत असणार.

सर्वांत वरची पायरी गाडीची. शेतकऱ्याची घोडागाडी रातोरात सुटी करायची. चाकं, आस, साटा, दांडी वेगवेगळी करून दोरखंडाने शाळेच्या नाहीतर कोठाराच्या छपरावर चढवायची आणि तिथे, आढ्यावर, पुन्हा जशीच्या तशी जोडायची. सकाळी गाव पाहतं तो छपरावर गाडी उभी. हे काम करून पाहायचं म्हटलं तर लक्षात येतं की त्यासाठी गाडी रोज जुंपणारी, आस वंगणणारी, कोठारात गवत वर खेचणारी पोरं लागतात. शहरातल्या पोराला ही खोडी सुचली असती, जमली नसती. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत रस वाटतो तो इथे. त्या पोरांचा व्रात्यपणा त्यांच्या कामातून आलेला होता. दहाव्या वर्षी ज्याच्या हातात घोड्याचा नाहीतर ट्रॅक्टरचा ताबा दिला जातो, त्याच्या खोड्याही दहा वर्षांच्या पोराच्या मापाच्या राहत नाहीत.

संडासाची गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. परसात खड्ड्यावर उभी केलेली लाकडी खोली. ती हॅलोविनच्या रात्री आडवी करायची हा पोरांना जन्मसिद्ध हक्कच वाटे. नवशिके नुसती ढकलत. मुरलेले ती उचलून चार फूट मागे सरकवत आणि खड्डा समोर उघडा ठेवत. मालक शिव्या देत अंधारात धावत आला की थेट आत. यावर काही शेतकऱ्यांनी उतारा काढला म्हणतात: दिवस मावळताच आपणच खोली चार फूट पुढे ओढून ठेवायची, म्हणजे मागून दबकत येणारी टोळी खड्ड्यात. दोन्ही बाजूंचे किस्से गावोगाव इतक्या सारख्या तपशिलांनी सांगितले जातात की त्यातले किती घडले आणि किती नुसतेच शिळोप्याच्या गप्पांत वाढले याचा हिशेब लागणं कठीण.

आपल्याकडे होळीला लाकडं, गोवऱ्या आणि कधी कुणाचा मोडका पाट पळवायची मुभा असते, आणि ज्याचा पाट गेला त्याने शंख करावा पण पोलिसांत जाऊ नये असा संकेत असतो. साधारण तसाच करार तिथेही होता. वाद होई तो करार कोणी मोडला यावर.

संडास पाडायची प्रथा उपदेशाने गेली नाही, ती सिमेंटने आणि विजेने गेली. मंदीच्या काळात रूझवेल्ट सरकारने बेकारांना काम देण्यासाठी जी योजना काढली, तिच्यात देशभर वीस लाखांहून अधिक आरोग्यदायी संडास बांधले गेले. त्यांना खाली काँक्रीटची लादी होती. ढकलणाऱ्यांची पंचाईत झाली. त्याच सुमाराला, १९३५-३६ मध्ये, ग्रामीण विद्युतीकरण सुरू झालं. तोवर अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती. वीज आली, पंप आला, नळ घरात आला, मागोमाग न्हाणीघर आत आलं आणि परसातली खोली कोसळून गेली, कोणी न ढकलता. अंगणात रात्रभर जळणाऱ्या दिव्याने उरलेल्या खोड्यांचं कंबरडं मोडलं.

पण त्याआधीच गावांनी पोरांशी तह करायला सुरुवात केली होती, आणि या तहांची गोष्ट मोठी मजेची आहे. कॅन्सासमधल्या हायावाथा गावात एलिझाबेथ क्रेब्ज नावाच्या बाई होत्या. दर हॅलोविनला पोरं त्यांची बाग तुडवून जात. त्यांनी शेरीफकडे न जाता १९१४ मध्ये पोरांसाठी सोंगांची मिरवणूक काढली. हिशेब सरळ होता: पोरं नाचून दमली तर बागेत शिरणार नाहीत. ती मिरवणूक आजही निघते. मिनेसोटातल्या अनोका गावाचं दुखणं मोठं होतं. हॅलोविनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाई मोकाट मुख्य रस्त्यावर हिंडताना दिसत, काचांवर साबण, संडास आडवे. १९२० मध्ये गावच्या प्रतिष्ठितांनी मिरवणूक, शेकोटी आणि खाऊ असा बेत केला. पुढे १९३७ पासून अनोका स्वतःला ‘जगाची हॅलोविन राजधानी’ म्हणवू लागलं. ज्या उपद्रवाने गाव जेरीला आलं होतं त्याच्यावरच गावाचं नाव चाललं.

डेमॉइन हे आयोवाच्या राजधानीचं शहर, तिथला तह सर्वांत हुशार. १९३८ च्या हॅलोविनला तिथे इतकी मोडतोड झाली की शहराच्या क्रीडांगण विभागाच्या कॅथरिन क्रीग यांनी दुसरीच वहिवाट पाडली. तीस ऑक्टोबरची रात्र ठरवली, तिला नाव दिलं ‘बेगर्स नाइट’, भिकाऱ्यांची रात्र. पोरांनी दारोदार जावं, पण खाऊ फुकट मिळणार नाही. आधी विनोद सांगा, गाणं म्हणा, काहीतरी करून दाखवा. आजही तिथे दारात उभं राहून चिमुरडी पोरं एखादा भयंकर पाणचट विनोद घोकल्यासारखी म्हणतात आणि घरातला माणूस पहिल्यांदाच ऐकतोय असं हसतो. त्या एका संध्याकाळी तोच विनोद तो दहाव्यांदा ऐकत असतो.

मोठ्यांना पोरांच्या रिकाम्या वेळेची धास्ती किती होती, याचा पुरावा रंगभूमीवरही आहे. आयोवाच्या मेसन सिटीत जन्मलेल्या मेरेडिथ विल्सन यांनी आपल्या गावावर बेतलेलं ‘द म्युझिक मॅन’ हे संगीत नाटक १९५७ मध्ये ब्रॉडवेवर आणलं. काळ १९१२ चा. एक भामटा गावात येतो, गावात आलेलं पूलचं टेबल तुमची पोरं बिघडवणार अशी हूल उठवतो आणि उपाय म्हणून पोरांच्या बँडची वाद्यं आणि गणवेश विकतो. गाव फसतं, कारण भीती आधीपासून तयार होती.

शाळा हे दुसरं रणांगण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकट्या आयोवात एकखोली शाळा बारा हजारांच्या वर होत्या. एक मास्तर किंवा बाई, आठ इयत्ता, मधोमध शेगडी. मास्तर कधी कधी वरच्या इयत्तेतल्या पोरांहून दोन-तीन वर्षांनीच मोठा. नाताळच्या सुमाराला पोरं आधी पोचून आतून कडी लावत आणि मास्तराने खाऊ कबूल केल्याशिवाय त्याला आत घेत नसत. एडवर्ड एगल्स्टन यांनी ‘द हूझियर स्कूलमास्टर’ या १८७१ च्या कादंबरीत इंडियानातल्या अशा शाळेचं चित्र काढलं आहे. त्यात मास्तर सव्वाशेर निघतो. तो छपरावर चढतो, धुराड्यातून गंधक सोडतो, वर फळी टाकतो आणि खोकणारी पोरं स्वतःच दार उघडून बाहेर येतात. गावाने मास्तराला मानायला त्या दिवसापासून सुरुवात केली असणार.

विस्कॉन्सिनमध्ये तर खोड्या लिहिणारा माणूस थेट सिंहासनावर बसला. जॉर्ज पेक हे वृत्तपत्रवाले. बापाचा जीव मेटाकुटीला आणणाऱ्या एका वांड पोराच्या त्यांच्या गोष्टी ‘पेक्स बॅड बॉय’ या नावाने देशभर गाजल्या. पुढे ते मिलवॉकीचे महापौर झाले आणि १८९१ ते १८९५ राज्याचे गव्हर्नर.

आणि एक खोडकर पोर तर व्हाइट हाउसपर्यंत गेलं. हर्बर्ट हूवर यांचं नाव इतिहासात मंदीशी कायमचं जोडलं गेलंय. उंच कॉलर, गंभीर चेहरा. त्यांचा जन्म १८७४ चा, आयोवाच्या वेस्ट ब्रँच गावातला. वस्ती क्वेकर पंथीयांची, म्हणजे साधं राहणं आणि प्रार्थनेत तासन्‌तास गप्प बसणं. वडील लोहार. भट्टीजवळ अनवाणी फिरताना तापलेल्या लोखंडाच्या तुकड्यावर पोराचा पाय पडला आणि डाग जन्मभर राहिला. आयोवाने आपल्यावर शिक्का मारलाय असं ते मिश्कीलपणे म्हणत. एकदा वडिलांच्या आवारात डांबराची कढई तापत होती. जळती काडी आत टाकली तर काय होतं हे पाहण्याची जिज्ञासा बाळाला झाली. झालं ते असं की काळा धूर आभाळात आणि सारं गाव धावत लोहाराच्या दारात.

त्यांच्या आठवणींत रेल्वेच्या पुलाखालचा, विलोच्या सावलीतला डोह आहे, हिवाळ्यात टेकडीवरून पोटावर पडून घसरगाडी सोडणं आहे, सशांचे सापळे आहेत. माझा आवडता तपशील बटाट्यावरच्या किड्यांचा. शेतातले किडे वेचायची मजुरी शेकड्याला एक सेंट. चार जुलैच्या फटाक्यांसाठी पैसे हवेत म्हणून लहानगा हर्बर्ट वाफ्यात वाकून किडे मोजतोय. सहाव्या वर्षी वडील गेले, दहावं सरण्याआधी आई गेली आणि १८८५ मध्ये पोराला मामाकडे ऑरेगनला धाडलं. म्हणून त्यांचं आयोवा कायम तेवढ्याच वयाचं राहिलं. गोडव्याचं निम्मं कारण हेच असावं.

किड्यांची ती मजुरी आणि फटाके हा सगळ्या मुलखाचा हिशेब आहे. पोरं कामाला लागत आणि काम संपलं की, किंवा चाललेलं असतानाच, खेळ सुरू. कोठाराच्या माळ्यावर सुक्या गवताचे गठ्ठे छपरापर्यंत रचायचे हे घाम काढणारं काम. ते रचताना मधल्या गठ्ठ्यांची जागा मोकळी ठेवली की बोगदा तयार. बाप खालून पाहतो तर रास भरीव. आत पोरांचं अख्खं भुयार. आढ्याला गवत ओढायचा दोर असतो, त्याला लोंबकळून एका राशीवरून दुसरीवर उडी. दाणे काढून उरलेले बुरखुंडे डबक्यात भिजवायचे आणि एकमेकांवर फेकायचे. सुका बुरखुंडा लागला तर हसू येतं, भिजलेला लागला तर टेंगूळ येतं.

उन्हाळ्यात तुरे. संकरित मक्याचं बियाणं करायचं तर एका वाणाच्या ओळी मादी आणि शेजारची ओळ नर ठरवतात. मादी ओळींतल्या प्रत्येक ताटावरचा तुरा परागकण सुटण्याआधी उपटावा लागतो. यंत्रं बरंचसं काम करतात, पण चुकलेला प्रत्येक तुरा हातानेच काढावा लागतो, आणि ते हात पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी पोरांचे. नेब्रास्कात बाराव्या वर्षापासून, आयोवात चौदाव्यापासून. जुलैतले दोन-तीन आठवडे पहाटे शाळेच्या आवारातून बस निघते. मका दवाने निथळत असतो, म्हणून कचऱ्याच्या काळ्या पिशवीला डोक्यापुरतं आणि हातांपुरतं भोक पाडून ती सदऱ्यासारखी घालायची. भर उन्हाळ्यात लांब बाह्या, कारण पात्यांची धार कातडीवर बारीक रेघा ओढते आणि मग घामाने तिची आग आग होते. नऊ वाजता पिशवीच्या आत भिजलेलं अंग, अकरा वाजता वाळलेलं, दुपारी पुन्हा घामाने भिजलेलं. आणि या सगळ्यात चिखलाची ढेकळं शेजारच्या ओळीत नेमकी भिरकावणं चालू. मका डोक्याच्या वर, फेकणारा कोण ते दिसत नाही. मुली इथे मुलांच्या बरोबरीने असत; कित्येकींची पहिली कमाई या तुऱ्यांची.

हा धंदा उभा करणाऱ्यांत आयोवाचेच हेन्री वॉलेस होते. त्यांनी १९२६ मध्ये संकरित मक्याची कंपनी काढली, तीच पुढे पायोनियर. आणि १९४१ मध्ये ते अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. हा धागा आपल्या दारापर्यंत येतो. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको सुरू करून मराठवाड्याला संकरित बियाण्यांचा मुलूख केलं आणि १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. तो पुरस्कार चालवणारी संस्था आहे आयोवाच्या डेमॉइनमध्ये, आणि तो सुरू करणारे नॉर्मन बोरलॉग हे आयोवाच्याच क्रेस्को गावाजवळच्या शेतावर वाढलेले.

इथे एक गोष्ट टोचते, ती लिहिलीच पाहिजे. आपल्याकडे बियाण्याच्या शेतात राबणाऱ्या पोराला आपण बालमजूर म्हणतो, आणि तिथे तेच काम गोड आठवण होतं. फरक कामात नाही. तिथल्या पोराची शाळा ऑगस्टमध्ये पुन्हा उघडणार असते आणि मजुरी त्याच्याच खिशात जाते. जिथे असं नव्हतं तिथे आठवणीही गोड नाहीत: टेक्सासहून बीट खुरपायला आणि तुरे काढायला येणाऱ्या मेक्सिकन कुटुंबांची पोरंही याच शेतांत होती. गावच्या स्मरणिकांमध्ये त्यांच्या खोड्या सापडत नाहीत.

धोक्याचंही तसंच. धान्याच्या कोठीत उड्या मारणं हा पोरांचा लाडका खेळ होता. खालून मका काढायला सुरुवात झालेली असेल तर दाणे वाहू लागतात. माणूस काही सेकंदांत गुडघ्यांपर्यंत अडकतो, वीस-पंचवीस सेकंदांत पूर्ण गडप होतो. जुलै २०१० मध्ये इलिनॉयच्या माउंट कॅरोल गावी धान्याच्या कोठीत कामाला लावलेली दोन मुलं अशी गेली. एक चौदा वर्षांचा, एक एकोणीस. पुढच्या वर्षी केंद्राच्या कामगार खात्याने शेतीतली धोक्याची कामं अल्पवयीनांना बंद करणारे नियम मांडले. शेतकरी खवळले: आमची पोरं आमच्या शेतावर काय करतात हे वॉशिंग्टनने सांगायचं नाही. एप्रिल २०१२ मध्ये नियम मागे घेतले गेले. माझ्या मते खात्याचं म्हणणं बरोबर होतं आणि मांडणी चुकली. कोठी आणि गोठा यांना एकाच मापाने मोजल्यावर शेतकरी ऐकेल ही अपेक्षाच भाबडी.

जाता जाता एक भ्रम. मिडवेस्टच्या पोरांचा म्हणून जगभर सांगितला जाणारा उद्योग म्हणजे रात्री उभ्याने झोपलेली गाय ढकलून पाडणं. गाय गाढ झोपते ती बसून, आणि ती पाच-सहाशे किलोंची असते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २००५ मध्ये याचं गणितच मांडलं गेलं. एकट्यादुकट्याचं हे काम नाही असा निष्कर्ष निघाला. शेतावरच्या पोरांना तो आधीच ठाऊक होता. ही गोष्ट ते शहरातून आलेल्या पाहुण्याला सांगतात, त्याला चिखलात, काळोखात पाठवतात आणि कुंपणावर बसून हसतात. खरी खोडी ती.

यातलं आता काय उरलंय? पाण्याच्या टाकीवर चढून आपल्या वर्गाचं साल रंगवणारी पोरं अजून सापडतात. कॅन्सासात आणि साउथ डाकोटात चौदाव्या वर्षी गाडी चालवायचा परवाना मिळू शकतो, त्यामुळे सायकलीवरच्या खोड्या लवकरच चार चाकांवर जातात. पण बाकी बरंच गेलं. सोयाबीनच्या ओळींतून कोयते घेऊन तण काढत चालणाऱ्या पोरांच्या टोळ्या तणनाशकं वाढली तशा विरळ झाल्या आणि १९९६ मध्ये तणनाशक पचवणारं सोयाबीन आलं तेव्हा जवळजवळ संपल्या. डुकरं बंद शेडमध्ये गेली. तिथे रोगाच्या भीतीने पोरांना शिरू देत नाहीत. शेतं मोठी झाली, घरं कमी झाली, शाळा एकमेकींत विलीन झाल्या. खोडी काढायला दुसरा पोरगा लागतो, आणि तो आता पाच मैलांवर राहतो.

मोलाइन आणि वॉटरलू इथे ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डीअर कंपनीचं काम आहे आणि पुण्यात त्यांचं तंत्रज्ञान केंद्र, त्यामुळे त्या भागात आज मराठी घरं आहेत. त्या वाचकांना एक विनंती. तुमच्या शेजारी ऐंशीच्या पुढचा एखादा निवृत्त शेतकरी असेलच. त्याच्या अंगणात जाऊन बसा, हवापाण्याचं बोलून झालं की सरळ विचारा, तुमच्या लहानपणी हॅलोविनला गावातले संडास कोण पाडायचं? ‘मी नाही, दुसरी पोरं’ असं तो लगेच म्हणाला तर उठू नका, कॉफी मागवा. माणूस बरोबर सापडलाय. आणि तो सांगेल ते लिहून ठेवा.